लाल पट्टी

"आधी वास घ्या," कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला आणि त्याने पिशवी उलटी करून कव्हर तिच्या कापायच्या टेबलावर टाकलं. "नुसतं बघू नका, ताई. वास घ्या."

वास घ्यायची गरजच नव्हती. पिशवीचं तोंड उघडल्याबरोबर करपलेल्या कापडाचा दर्प खोलीभर पसरला होता. आत भाजी निवडत बसलेल्या वन्सं तिथूनच ओरडल्या, "वहिनी, इस्त्री चालू राहिली की काय गं?"

"नाही हो वन्सं. दुकानदार आलेत."

"मग त्यांचं बटण बंद कर."

दुकानदाराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एरवी तो वन्संच्या बोलण्यावर हसायचा, चहा घेतल्याशिवाय हलायचा नाही. आज उभाच राहिला.

"साहेबांचा कॉम्प्युटर जळला. विमा कंपनीतले साहेब, गेल्या महिन्यात तुम्ही माप घ्यायला गेला होतात ते. नवाकोरा कॉम्प्युटर हो! डब्यातून धूर निघाला. आमच्या रिपेअरवाल्याने खोलून बघितलं. म्हणतो, आत हवा कोंडली. कशानं कोंडली? कव्हरानं."

कव्हरताईने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आजारी माणसाची कूस बदलावी तसं ते कव्हर हलक्या हाताने उलटं केलं. निळं सुती कापड, त्यावर बारीक पांढरी फुलं. कापड आपण कुठून आणलं, झालर लावू की नको म्हणून किती वेळ विचार केला, सगळं तिला आठवलं. मागच्या बाजूची जाळी जशीच्या तशी होती. पुढची लाल पट्टीसुद्धा. जळलं होतं ते वरच्या अंगाला. इस्त्री विसरल्यावर उमटतो तसा तपकिरी डाग आणि मधोमध कुरकुरीत झालेलं भोक. कडेच्या शिवणीत काहीतरी अडकलं होतं. तिने नखाने ते ओढून काढलं, खिडकीकडे धरलं. गुलाबी लोकरीचा एक तंतू होता.

"भाऊ, ह्याच्यावर काय टाकलं होतं?"

"काय टाकणार? मी विचारलं त्यांना. काही नाही म्हणतात."

तिने तंतू कात्रीखाली ठेवून दिला.

"हे बघा ताई," दुकानदाराने आता स्टूल ओढलं, आवाज खाली आणला. "साहेब माणूस वाईट नाही. त्यांना फक्त कुणीतरी चूक झाली म्हणायला हवंय. ‘कव्हर तूच दिलंस,’ म्हणत ते माझ्या बोकांडी बसलेत. संध्याकाळी माझ्याबरोबर चला. म्हणा, कापड जाड पडलं, चुकलं माझं. संपलं! दुरुस्तीचं मी कॉम्प्युटरच्या कंपनीशी बोलून बघतो. तुम्हाला काही तोशीस नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाही कशाला म्हणाल?" तो हसला, पण हसू त्याच्या तोंडावर नीट बसलं नाही. "शाळेची ऑर्डर येतेय. अख्खी खोली भरून कॉम्प्युटर घेतायत ते. कव्हरं तुमचीच, असं मी तोंडाने सांगून आलोय. पण साहेबांच्या बाई त्याच शाळेत शिकवतात. उद्या त्यांनी तिथे सांगितलं की ह्या बाईंची कव्हरं पेटतात, तर? तर मी काय करू? एका शब्दाचा प्रश्न आहे, ताई. शब्दाला काय लागतं?"

तो गेला. कव्हर मात्र तिथेच राहिलं.

तिला कव्हरताई हे नाव कुणी पहिल्यांदा दिलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. त्याआधी ती लहान मुलांचे झबले शिवायची, उशांचे अभ्रे शिवायची. मग गल्लीत पहिला कॉम्प्युटर आला. तो ज्या खोलीत होता तिथे चपला काढून जावं लागे आणि शेजारीपाजारी दाराशी उभे राहून नवी नवरी बघावी तसे त्याला बघत. धूळ बसेल म्हणून घरच्यांनी त्यावर टेबलक्लॉथ टाकला होता. तो एकीकडे लोंबत होता, दुसरीकडे अपुरा. तिला ते बघवेना. "माप घेऊ का?" तिने विचारलं होतं, आणि त्या दिवसापासून ती मापंच घेत आली.

मॉनिटरला मोठं, पाठीशी फुगीर. डब्याला उभट. कीबोर्डला लोडासारखं लांबट. प्रिंटरला वर झाकण, कागद घालायला सोपं जावं म्हणून. स्पीकरची जोडी म्हणजे तिला जुळ्यांची टोपडी शिवल्यासारखी वाटायची. एका बाईंनी तर माऊसलाही कव्हर मागितलं, शेपटीला गोंडा हवा म्हणाल्या. तिने शिवून दिलं. "ह्या घरात माणसं बनियनवर फिरतात," वन्सं तेव्हा म्हणाल्या होत्या, "आणि उंदीर बघा, नटून बसलाय!"

पण कव्हरताईचे दोन नेम होते आणि ते तिने कधी मोडले नाहीत. सकाळी मशीनला तेल घालून, हात जोडल्याशिवाय पहिला टाका घालायचा नाही, हा एक. दुसरा, कुणी कितीही सांगितलं तरी ऐकीव मापावर कापड कापायचं नाही. ती स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जायची. कॉम्प्युटर चालू करायला सांगायची आणि डब्याच्या मागे तळहात धरून बसायची. गरम हवा कुठून येते, जोरात येते की हळू, हे हाताला कळेपर्यंत. जिथे कळलं तिथे जाळी. आणि पुढे, बरोबर चालू करायच्या बटणावर येईल अशी लाल पट्टी. कव्हर वर केल्याशिवाय बटण सापडायचं नाही. "आधी मला उचल, मग त्याला उठव, असं म्हणते ही पट्टी," ती गिऱ्हाइकांना सांगायची. दुसरेही काही जण कव्हरं शिवत होते, पण लाल पट्टी दिसली की लोक म्हणायचे, हे कव्हरताईचं.

"सांगून टाक ना," वन्सं भाजीची परात घेऊन बाहेर आल्या. दादा गेल्यापासून घरात त्या दोघीच. "चुकलं म्हणायला जीभ झिजते का? मी तर सकाळपासून दहादा म्हणते. दूध उतू गेलं, चुकलं. दार उघडं राहिलं, चुकलं."

"तुमच्या हातून दूध उतू जातं म्हणून तुम्ही म्हणता."

"आणि तुझ्या हातून काही जातच नाही!"

"जातं की. मागे त्या डॉक्टरांच्या प्रिंटरचं तोंडच शिवून टाकलं होतं मी. गेले, उसवलं, माफी मागितली. तेव्हा काही वाटलं नाही." ती कव्हराची घडी घालत होती, डाग आत जाईल अशी. मग तिने घडी मोडली आणि डाग वर येईल अशी घातली. "हे माझ्या हातून झालेलं नाही, वन्सं. न झालेल्याला झालं म्हटलं, तर उद्या मी माप घ्यायला कुठल्या तोंडाने जाऊ? हात मागे धरला तरी माझाच हात मला विचारेल."

"शाळेची ऑर्डर गेली तर तुझ्या हाताला विचार मग, खायचं काय ते," वन्सं म्हणाल्या आणि परात घेऊन आत गेल्या. जाता जाता पुटपुटल्या, "आणि तो रिपेअरवाला. स्वतःच्या पॅन्टची चेन धड बसत नाही, आणि कव्हराला नावं ठेवतोय."

कव्हरताईला हसू आलं, पण मन कात्रीखालच्या त्या तंतूवर अडकलं होतं. कारण ती गुलाबी लोकर तिने आधी पाहिली होती.

गेल्या महिन्यात ती साहेबांच्या घरी गेली तेव्हा घरात फक्त त्यांची आई आणि बायको होत्या. कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत खिडकीशी होता आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत आजी बसलेल्या होत्या, अंगावर गुलाबी शाल. कव्हरताईने डब्यामागे हात धरला तसा आजींनीही धरला.

"अगोबाई! श्वास घेतं की हे!"

"हो आजी. म्हणून तर जाळी ठेवायची."

"माझा मुलगा सांगतो, बराच वेळ कुणी हात लावला नाही तर हे आपोआप झोपतं. खरं का गं?"

"पडदा काळा होतो, त्याला झोपलं म्हणतात."

"कुणी अंगाई म्हणावी लागत नाही?" आजी हसल्या. तोंडात दात थोडेच होते पण हसणं भरगच्च होतं. मग त्या जरा पुढे झुकल्या, गुपित सांगावं तशा. "कव्हर झालं की झाकायचं काम माझं. सगळे कामावर गेले की मी झाकणार. मुलानेच सांगितलंय. ह्या घरात आता माझं काम म्हणजे एवढंच."

एवढंच का, ते मग सुनेकडून कळलं. निघताना ती पाणी द्यायला आत घेऊन गेली आणि दार लोटून बोलली. आजींनी गॅस चालू ठेवला होता. नंतर नळ. मग घराला कुलूप लावून किल्ली आतच राहिली. "स्वयंपाकघरात येऊ देत नाही आता मी त्यांना. वाईट वाटतं हो, पण काय करू? आम्ही दोघं दिवसभर बाहेर. आता आणखी एक असं झालं ना, की त्यांना धाकट्या दिरांकडे पाठवायचं ठरलंय. तिथे माणसं जास्त आहेत." बाई वाईट नव्हती. थकलेली होती. कव्हरताईने पाणी पिऊन भांडं उपडं ठेवलं होतं.

संध्याकाळी ती जळकं कव्हर पिशवीत घालून निघाली. दुकानदार कोपऱ्यावर स्कूटर लावून उभा होता. जिना चढताना तो सारखा मागे वळून सांगत होता, "जास्त बोलायचं नाही. चुकलं म्हणायचं, चहा आला तर घ्यायचा, निघायचं."

बैठकीच्या खोलीत खिडकीशी नुसतं टेबल होतं. कीबोर्ड आणि माऊस कुणीतरी कडेला नीट मांडून ठेवले होते, घरातलं माणूस इस्पितळात असताना त्याच्या चपला जागेवर ठेवतात तसे. आजी त्याच खुर्चीत. शाल होती, पण खांद्यावर नव्हती. मांडीवर गोळा करून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती.

"या," साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट जरा जास्तच मऊ होता. "बसा. मला भांडायचं नाही. मला नुकसानीचंसुद्धा एवढं काही नाही. पण माझी दोन वर्षांची कामं होती त्यात. एक मोठी फाईल यायची होती म्हणून मी तो चालू ठेवून गेलो. घरी येतो तर घरभर धूर. घरात आई एकटी! काही झालं असतं म्हणजे? मला एवढंच म्हणायचंय की माणसाने चूक झाली तर झाली म्हणावं. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तेच, तेच," दुकानदार म्हणाला. "ताई त्यासाठीच आल्यात."

कव्हरताईने पिशवीतून कव्हर काढून टेबलावर पसरलं. कुणाकडे न बघता तिने खिडकीशी असलेल्या रिकाम्या टेबलाकडे बघितलं, आणि सगळं तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. सगळे गेले. पडदा काळा झाला. झोपलं. आजी उठल्या, कव्हर घातलं, काम झालं. मग सहज डब्यावर हात ठेवला असेल. आत पंखा फिरतोय, डबा थरथरतोय.

तिने आजींकडे बघितलं. आजी तिच्याचकडे बघत होत्या. मांडीवरच्या शालीचं टोक त्यांच्या मुठीतून निसटलं होतं आणि त्यावर काळपट कड दिसत होती.

"बोला ना," साहेबांच्या बाई म्हणाल्या.

"अरे, ऐक," आजी अचानक म्हणाल्या. "अरे, ते मी—"

"आजी, तुमची शाल खाली लोळतेय." कव्हरताई चटकन उठली. खाली वाकून तिने शालीचं टोक उचललं, जळकी कड आत जाईल अशी घडी घातली आणि ती त्यांच्या मांडीवर ठेवून वरून हात दाबला. दोघींचे हात क्षणभर एकमेकींवर राहिले. आजींचा हात गार होता.

मग ती सरळ उभी राहिली.

"साहेब, कव्हर मी शिवलं. त्यात दोष नाही."

दुकानदाराने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे?" साहेब म्हणाले. "रिपेअरवाला खोटं बोलतो?"

"तो काय बोलतो ते त्याला विचारा. मी माझं सांगते. कापड जाड नव्हतं. जाळी जागेवर होती, आहे. माझी चूक असती तर मी न बोलावता आले असते. नाही, म्हणून नाही म्हणायला आले."

"मग चूक कुणाची?"

"ते सांगायला मी आले नाही."

"अहो, पण तुम्हाला माहीत आहे का? माहीत असेल तर सांगा की."

"नाही सांगणार."

बाई म्हणाल्या, "हा काय हट्ट झाला! आणि मी शाळेत काय सांगू?"

"जे बघितलंत ते सांगा. त्या बाईने चूक कबूल केली नाही, असं सांगा. खरं आहे ते." तिचा आवाज चढला नव्हता. तिचा आवाज कधी चढतच नसे, वन्सं म्हणायच्या हिला देव आवाजाचं बटण द्यायलाच विसरला. तिने कव्हराची घडी घातली, डाग वर, आणि पिशवीत ठेवली. "हे मी घेऊन जाते. माझं जळलेलं काम लोकांच्या घरी पडून राहायला नको."

जिन्यात दुकानदार म्हणाला, "ताई, तुम्ही एकदा पुढच्या ऑर्डरींचा तरी विचार करायचा होता."

"केला, भाऊ. येताना सगळ्या रस्त्याने तोच केला."

घरी आल्यावर वन्संनी ताट वाढलं, समोर बसल्या, आणि जेवण होईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "नाही म्हणालीस ना?"

"हो."

"मला वाटलंच. चुकलं म्हणून आली असतीस तर जेवली नसतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मशीनला तेल घातलं, हात जोडले, आणि मग लक्षात आलं की शिवायला काही नाही. उगाच बॉबिन भरत बसली. तेवढ्यात दाराशी कुणीतरी काठी आपटली.

"कव्हरवाली इथेच राहते ना? किती लांब राहतेस गं! विचारत विचारत आले. एकाने तर मला उशांच्या दुकानात नेऊन बसवलं."

आजी होत्या. एकट्या. कपाळावर घाम, काखेत गुंडाळलेली गुलाबी शाल. वन्सं धावत पाणी घेऊन आल्या, खुर्ची पुढे केली. आजी बसल्या, पाणी प्यायल्या आणि पेला ठेवायच्या आतच कव्हरताईवर कडाडल्या.

"काल माझं तोंड का दाबलंस?"

कव्हरताईने मशीनवरून हात काढला.

"मी सांगत होते. मी सांगायचं म्हणून सकाळपासून मनाशी घोकत बसले होते. आणि तू आलीस ती शाल उचलायला!"

"आजी, तुम्हाला धाकट्याकडे पाठवायचं चाललंय. तुमच्या सुनेनेच मला सांगितलं होतं. मला वाटलं..."

"मला माहीत नाही होय? दार लोटून बोलतात, तेवढं ऐकू येतं मला. दार उघडं ठेवून बोलतात तेच येत नाही." वन्सं फसकन हसल्या. आजी हसल्या नाहीत. "स्वयंपाकघर काढून घेतलं. किल्ली काढून घेतली. औषधाची गोळीसुद्धा सून हातावर ठेवते, तेव्हा घ्यायची. माझी म्हणून एक चूक राहिली होती. ती तरी माझ्याकडे राहू द्यायचीस!"

"मी ती घेतली नाही हो, आजी. मी तर नाही म्हणाले."

"तू नाही म्हणालीस. मला हो म्हणू दिलं नाहीस. मग ती कुणाची झाली? अनाथ?"

काल घरी येताना, आपण कुणाचं तरी भलं केलं म्हणून कव्हरताईच्या मनात कुठेतरी गोड वाटलं होतं, ते आता तिचं तिलाच टोचलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

वन्संनी कपाळावर हात मारला. "घ्या! जिथे म्हणायचं तिथे म्हणाली नाही, आणि इथे म्हणते!"

"इथेच म्हणायचं होतं," आजी म्हणाल्या, आणि मग कुठे त्यांच्या तोंडावरचा ताण गेला. "रात्री सगळे जेवायला बसले तेव्हा सांगितलं मी. आधी टीव्ही बंद करायला लावला. म्हटलं, मी झाकला. कव्हर घातलं, हात लावून बघितला तर थरथरत होता. मला वाटलं थंडी वाजतेय. माझी शाल घातली वरून, चांगली चारी बाजूंनी खोचली. वास यायला लागला तेव्हा शाल ओढून काढली आणि उशीखाली लपवली. लपवली हेच वाईट केलं. बाकी मी वाईट काही केलं नाही."

"काय म्हणाले?"

"मुलगा म्हणाला, आई, मीच सांगितलं होतं तुला की ते झोपतं म्हणून. सून म्हणाली, बघा, मी म्हणत नव्हते? मी म्हटलं, म्हणत होतीस ना, मग आता दार न लोटता म्हण. पाठवायचं तर पाठवा. मी जाईन. पण उशीखाली शाल लपवणारी म्हातारी म्हणून जाणार नाही." त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "पुढच्या आठवड्यात जायचंय धाकट्याकडे."

वन्सं उठून उगाचच खिडकीचा पडदा सारखा करायला गेल्या.

"दुकानदारालाही फोन करायला लावला मी मुलाला," आजी म्हणाल्या. "माझ्यासमोर. कव्हर चांगलं होतं म्हणून सांग म्हटलं. सांगितलं त्याने."

नेमकी तेव्हाच खालून स्कूटर गेली. कव्हरताईने खिडकीतून बघितलं. दुकानदार होता. मागच्या सीटवर तयार कव्हरांचा गठ्ठा बांधलेला, चकचकीत, पारदर्शक, कारखान्यातला. उन्हात नुसता झगमगत होता. शाळेच्या रस्त्याला वळताना त्याने वर बघितलं, ती दिसली, आणि तो लगेच समोर बघायला लागला.

"प्लॅस्टिक," वन्सं म्हणाल्या. "घामेजून मरतील सगळे कॉम्प्युटर."

"मरोत," कव्हरताई म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडला होता. तो ऐकून ती स्वतःच जरा चपापली. मग आजींकडे वळली. "शाल दाखवा."

तिने शाल टेबलावर पसरली. कडेला भोक पडलं होतं, भोवती लोकर कडक होऊन काळी पडली होती. गुलाबी धागा तिच्याकडे नव्हता. तिने एकदा शालीकडे बघितलं, मग कोपऱ्यात ठेवलेलं निळं कव्हर ओढलं आणि कात्रीच्या टोकाने त्यावरची लाल पट्टी उसवायला लागली. तिचे टाके पक्के असायचे. उसवायला वेळ लागला.

"हे काय करतेस?"

"ठिगळ लावते."

"गुलाबीवर लाल? अगं, लांबून दिसेल ते!"

"दिसू दे," कव्हरताई म्हणाली आणि मशीनच्या चाकावर हात ठेवला.

पट्टी अर्धी शिवून झाली तेव्हा आजी हळूच म्हणाल्या, "धाकट्याकडेही कॉम्प्युटर आहे म्हणे. उघडाच ठेवतात मेले. त्याला एक कव्हर शिवून देशील?"

"माझा नेम आहे, आजी. स्वतः माप घेतल्याशिवाय मी कापड कापत नाही. आणि तिथे मला यायला जमायचं नाही."

"म्हणजे नाही?"

कव्हरताईने टाका संपवला, दोरा तोडला. गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि आजींच्या हातात ठेवली.

"उंची, रुंदी, आणि पाठीमागची खोली. डबा चालू असताना मागे हात धरायचा. गरम कुठून येतंय ते नीट बघायचं, घाई करायची नाही. मग मला फोनवर सांगायचं. तुम्ही सांगाल त्या मापावर मी कापीन."

आजींनी टेप मुठीत घेतली. कव्हरताईने शाल त्यांच्या खांद्यावर घातली. लाल पट्टी नेमकी खांद्यावर, बाहेरच्या बाजूला आली. त्यांनी ती आत दुमडायला हात नेला, आणि मग तसाच खाली घेतला.

वन्सं त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला निघाल्या होत्या, पण आजींनी त्यांना जिन्यातच थांबवलं. रस्त्यावर ऊन चढलं होतं. माणसं ये-जा करत होती, आणि त्यांच्यातून काठी टेकत जाणारी ती गुलाबी शाल हळूहळू लहान होत गेली. गुलाबी रंग गर्दीत मिसळून गेला, तरी लाल पट्टी बराच वेळ दिसत राहिली.